माती परीक्षणाचा नमुना देताय? आधी पिशवीवरची चिठ्ठी नीट लिहा

माती परीक्षणासाठी आलेल्या पिशव्या बाजूला पडतात, त्या बहुतेक वेळा मातीमुळे नव्हे, चिठ्ठीमुळे. खड्डे खणून, उन्हातान्हात पिशवी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला "ही कुठली माती?" हे विचारायची वेळ येऊ नये, म्हणून हे लिहितो.

जमीन कसणारा कोणीही नमुना देऊ शकतो, खंडाने किंवा वाट्याने करणारासुद्धा. सोबत आधार, चालू मोबाइल क्रमांक आणि सातबाराची प्रत असू द्या. सातबारा पात्रतेपेक्षा गट क्रमांकासाठी लागतो, आणि घोळ नेमका तिथेच होतो. घरात अजून जुना सर्व्हे नंबर तोंडात असतो. तोच चिठ्ठीवर उतरतो. पोटहिस्सा तर बहुतेक जण लिहीतच नाहीत. 112 आणि 112/2 हे कागदावर वेगळे तुकडे आहेत. सातबारावर आहे तसाच आकडा उतरवा. सामाईक खाते असेल, तर जो भाग तुम्ही कसता त्याची ओळख लिहा: 'विहिरीकडचा', 'ओढ्यालगतचा'.

चिठ्ठीवर नाव, गाव, तालुका, गट क्रमांक, नमुना घेतल्याची तारीख, बागायत की जिरायत, मागचे पीक आणि पुढे घ्यायचे पीक हवे. पुढचे पीक सोडू नका. खताची शिफारस त्यावरच बेतलेली असते.

चिठ्ठ्या दोन करा. एक पिशवीच्या आत, दुसरी तोंडाला बांधलेली. लिहायला शिसपेन्सिल वापरा. ओलसर मातीत जेल पेनची शाई पसरते आणि नावाच्या जागी निळा डाग उरतो. आतली चिठ्ठी छोट्या प्लास्टिक पिशवीत घालून मग टाका. माती आधी सावलीत वाळवा, उन्हात नाही. युरियाची रिकामी गोणी तर अजिबात नको, तिच्यातल्या कणांनी नत्राचा आकडाच खोटा येतो. स्वच्छ कापडी पिशवी, अर्धा किलो माती, बस्स.

फळबागेवाल्यांनी इथे थांबून वाचावे. बागेसाठी 0-30, 30-60 आणि 60-90 सेंमी असे थर वेगळे घेतात. तिन्ही पिशव्यांवर एकच मजकूर असेल, तर खालच्या थरातली चुनखडी कोणत्या पिशवीत निघाली हे कळणार कसे? प्रत्येक चिठ्ठीवर खोली लिहा.

तारखेचाही गैरसमज असतो. ती नमुना घेतल्याची हवी, जमा केल्याची नव्हे. खत टाकून दोन-तीन महिने झाले नसतील, तर नमुना घेऊच नका. खरिपासाठी एप्रिल-मे बरा. पेरणी तोंडावर आली की सगळे एकदम येतात आणि अहवाल हातात पडेपर्यंत खताचा पहिला हप्ता देऊन झालेला असतो.

खरे तर पिशवी घेणाऱ्याने शेतकऱ्यासमोरच चिठ्ठी वाचून पाहिली, तर निम्मी नामुष्की टळेल. दोन मिनिटांचे काम आहे, पण होत नाही. उणीव आठवड्यांनी कळते, तोवर शेतात पीक उभे असते. म्हणून तुम्हीच आग्रह धरा: चिठ्ठी वाचून घ्यायला सांगा, नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि पिशवी बांधण्याआधी चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.