सुताचा कोन आणि वेल्डिंगचं टेबल

सोलापुरात पूर्व भागातल्या कुठल्याही यंत्रमाग कारखान्याबाहेर सुताचे रिकामे कोन पडलेले दिसतात. पुठ्ठ्याचे. त्यातले दोन उचला, एकाला ब्लेडने वरपासून खालपर्यंत उभी चीर द्या आणि दोन्ही पिळून बघा. अखंड कोन दाद देत नाही. चिरलेला लगेच पिळवटतो. पुठ्ठा तोच, वजनही तेच.

मी पहिलं वेल्डिंग टेबल ५० मिमीच्या अँगलचं, म्हणजे L आकाराच्या लोखंडी पट्टीचं केलं. जाडी ६ मिमी, हाताला भरभक्कम. पण एका कोपऱ्यात गेटची चौकट क्लॅम्पने आवळली की टेबलाचा एक पाय फरशीवरून सुटायचा आणि चौकट काही केल्या गुण्यात, म्हणजे काटकोनात, येईना. अँगल म्हणजे चिरलेला कोनच, हे तेव्हा कळलं.

हिशोब करून बघा. ५० × ५० × ६ मिमीचा अँगल आणि ५० × ५० × ३ मिमीची चौकोनी ट्यूब, दोन्हींचं वजन मीटरला साधारण साडेचार किलो. वाकण्याला ट्यूब अँगलच्या सुमारे दीडपट विरोध करते. पिळाला मात्र जवळजवळ ४५ पट! पिळताना उठणारा ताण बंद नळीत चारही भिंतींतून गोल फिरतो. अँगलमध्ये ती वाट तुटलेली असते, म्हणून त्याला त्या ६ मिमी जाडीतच जाऊन परत यावं लागतं. टेबलाला खरा त्रास पिळाचाच असतो, त्यामुळे फ्रेम चौकोनी ट्यूबचीच करावी असं माझं ठाम मत आहे. भारी ग्रेडच्या स्टीलवर जादा पैसे घालू नका. ते उशिरा तुटेल, पण लवचिकता साध्या एमएसइतकीच (माइल्ड स्टील), कारण दोन्हींचा यंग गुणांक, म्हणजे ताणाला धातू किती दाद देतो याचं माप, २०० गिगापास्कलच्या आसपास असतो.

जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पाईप स्वस्तात मिळाला तरी नको. जस्त ९०७ अंशांना उकळतं, लोखंड वितळायला १५०० च्या पुढे जावं लागतं. म्हणजे जोड लागण्याआधीच जस्ताचा पांढरा धूर नाकात जातो आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

भंगारात जुन्या मागांच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) बाजू मिळतात. बिडातलं ग्रॅफाइट थरथर शोषून घेतं, म्हणून पायांसाठी त्या फार चांगल्या. फक्त त्यांना वेल्ड मारू नका. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो, जोडाशेजारचा भाग झटकन थंड होऊन काचेसारखा ठिसूळ होतो आणि तडकतो. नटबोल्टने आवळा.

वरची १२ मिमीची प्लेट १२०० × ९०० मापाची घेतली तर शंभर किलोच्या घरात जाते. ती फ्रेमला सलग जोडायचा मोह होतो, पण वेल्ड थंड होताना आकसतो आणि प्लेटला ओढतो. ५० मिमी वेल्ड, मग हातभर जागा मोकळी, पुढचा टाका समोरच्या बाजूला. दर टाक्यानंतर प्लेटवर कर्णरेषेत सरळ पट्टी ठेवून खाली फट दिसते का ते बघायचं.