आठ कलांची चूक

शाळेच्या पुस्तकात ग्रहाची कक्षा चांगली लांबट काढलेली असते. मंगळाची खरी कक्षा कागदावर काढायची तर 20 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ घ्यावं आणि एका दिशेनं ते जेमतेम 0.9 मिलिमीटर दाबावं. बघणारा त्याला वर्तुळच म्हणेल. सूर्य मात्र केंद्रापासून 9 मिलिमीटर बाजूला सरकलेला असेल. एवढासा चपटेपणा योहानेस केप्लरनं नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या नोंदींवरून ओळखला आणि 1609 साली ‘आस्ट्रोनोमिया नोव्हा’ या ग्रंथात मांडला.

त्या नोंदी त्याच्या नव्हत्या. डॅनिश खगोलज्ञ टायको ब्राहेनं डेन्मार्कजवळच्या ह्वेन बेटावर दुर्बिणीपूर्व काळातली सर्वांत नेमकी उपकरणं बसवून त्या जमवल्या होत्या. केप्लर 1600 मध्ये प्रागला त्याच्याकडे आला, मंगळ त्याच्या वाट्याला आला, आणि आठ दिवसांत हिशेब लावतो अशी पैज त्यानं मारली. लागली जवळजवळ पाच वर्षं. दरम्यान 1601 मध्ये टायको वारला, नोंदींवरून त्याच्या वारसांशी वाद झाला. शेवटी ग्रंथात टायकोच्या जावयाची प्रस्तावना छापावी लागली, आणि तीत वाचकांना केप्लरपासून सावध राहायला सांगितलंय!

सुरुवातीला केप्लरही वर्तुळच धरून चालला. मंगळाच्या चार प्रतियुती (पृथ्वीवरून पाहता मंगळ सूर्याच्या बरोबर समोरच्या दिशेला येतो ते क्षण) घेऊन त्यानं किमान 70 वेळा आकडेमोड केली. कंटाळा आला असेल तर माझी कीव करा, असं त्यानं वाचकाला लिहून ठेवलंय. ग्रहाचे आकाशातले रेखांश, म्हणजे सूर्याच्या वार्षिक वाटेवरची त्याची जागा, दोन कलांच्या आत जुळले; एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. अक्षांशांच्या, म्हणजे त्या वाटेच्या वर-खाली असलेल्या अंतराच्या, मदतीनं मंगळाचं सूर्यापासूनचं अंतर तपासलं, तेव्हा मात्र ही मांडणी कोसळली. अंतर सुधारून घ्यावं, तर ग्रहाची जागा आठ कलांनी चुकत होती. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाची साधारण पाव रुंदी. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या काळात एवढी चूक कुणी मनावर घेतली नसती. पण टायको आठ कला चुकणार नाही, हे केप्लरला पक्कं ठाऊक होतं. त्यानं आपलं गणित मोडीत काढलं.

पुढची युक्ती मला सगळ्यात आवडते. मंगळ 687 दिवसांनी त्याच जागी परततो, पृथ्वी तोवर दुसरीकडे असते. म्हणून 687 दिवसांच्या अंतरानं घेतलेल्या नोंदींत मंगळ हा स्थिर खांब, आणि त्यावरून आपलीच पृथ्वी कुठे आहे ते मोजता येतं! पृथ्वीसुद्धा सूर्याजवळ वेगानं आणि दूर सावकाश चालते, हे त्यातून ठरलं. मग ढकलणारी शक्ती सूर्यातच असली पाहिजे. ती चुंबकासारखी असावी, हा त्याचा तर्क चुकला. पण ग्रह का फिरतात याचं भौतिक कारण हवं, हा हट्ट मोलाचा होता.

सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ व्यापते, हा नियम आधी हाती आला, आकार नंतर. मध्ये तो अंडाकृती कक्षेत बराच काळ अडकला. गंमत म्हणजे त्या अंड्याचं क्षेत्रफळ काढायला सोय म्हणून तो लंबवर्तुळच वापरत होता, आणि उत्तर तेच आहे हे कळायला 1605 साल उजाडलं.

गॅलिलिओनं 1632 च्या ‘संवाद’ या ग्रंथातही वर्तुळं सोडली नाहीत. इतरांना हळूहळू पटवलं ते ग्रहांच्या जागा वर्तवणाऱ्या केप्लरच्या 1627 च्या कोष्टकांनी: त्यांवरून वर्तवल्याप्रमाणे 7 नोव्हेंबर 1631 रोजी बुध सूर्यबिंबावरून सरकला, आणि पॅरिसमध्ये पिएर गासांदीनं तो पाहिला.