सालीवरचं दगडफूल संत्र्याचा रस पीत नाही

वरूड-मोर्शीकडच्या बागायतदारांत फॉरवर्ड फिरतो: सालीवर राखाडी पापुद्रे, म्हणजे दगडफूल, आलं की ते रस शोषून झाड वाळवतं. तसं होत नाही. दगडफूल ही बुरशी आणि शैवाल यांची जोडी. शैवाल उन्हात साखर बनवतं. तिच्यातूनच बुरशी अ‍ॅट्रानोरिन, उस्निक आम्ल अशी रसायनं घडवते. त्यासाठीची जनुकं बुरशीच्याच गुणसूत्रांवर असतात, बहुधा शेजारीशेजारी, गटानं. म्हणजे कृती बुरशीची, शिधा शैवालाचा. झाडाकडून फक्त बसायला जागा. खात्री करायची तर उघड्या खडकावरचं दगडफूल पाहा. तिथं कुठला आला रस? वाळत्या फांदीवर ते जास्त दिसतं, कारण पानं झडून ऊन पोचतं. अशा झाडाला आधी डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, आणि मूळकूज तपासा, बुंध्याशी पाणी साचतं का तेही बघा.