सत्तावीसचा गणपती सव्वीसला कसा आला

२०२५ ची गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. अंधेरीतल्या ऑफिसात आम्ही रजेचं सॉफ्टवेअर करत होतो, आणि माझ्याच रजेचा अर्ज डेटाबेसमध्ये पडला तो '२६ ऑगस्ट, १८:३०' असा. मुंबईत बसून कोड लिहिणाऱ्यांच्या हा साडेअठराचा आकडा चांगलाच ओळखीचा असतो. आपल्याकडे रात्रीचे बारा वाजतात तेव्हा यूटीसीत, म्हणजे संगणक वापरतात त्या जागतिक प्रमाणवेळेत, आदल्या संध्याकाळचे साडेसहाच झालेले असतात. घड्याळ टाकून नुसती तारीख उचलली की एक दिवस गेला.

गंमत पुढेच आहे. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. २७ ला आणला, ३१ ला विसर्जन. तारखांची वजाबाकी केली तर चार. घरातलं कुणीही पाचच म्हणेल, कारण आणला तो दिवस धरायचा असतो. कोडमध्ये तो 'अधिक एक' लिहायचाच राहून गेला होता. पण सुरुवातीची तारीख एक दिवस मागे सरकली होती आणि शेवटची दुसऱ्या रकान्यातून साधा मजकूर म्हणून आल्यामुळे जागेवर होती. ३१ वजा २६, पाच. टेस्टिंगमध्ये पास. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं.

दिवस मोजायची खरी रीत संगणकाच्या खूप आधीची आहे, आणि आपल्याकडे तिला नावही आहे: अहर्गण. महिने, अधिक मास, वर्षं सगळं बाजूला ठेवायचं, एक आरंभदिवस ठरवायचा आणि तिथून उलटलेले दिवस ओळीने मोजायचे. कलियुगाचा आरंभ इसवी सनपूर्व ३१०२ च्या १८ फेब्रुवारीला धरला जातो. तिथून मोजत आलं तर सोळाव्या शतकात आकडा सोळा लाखांच्या पुढे जातो, आणि हाताने गणित करणाऱ्याला तो नकोसा होतो. मुरुडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव'मध्ये त्यावर तोड काढली. शके १४४२, म्हणजे १५२० पासून मोजायचं, आणि ४०१६ दिवसांचं, साधारण अकरा वर्षांचं, एक चक्र संपलं की उरलेलेच दिवस हाताशी ठेवायचे. मोठा आकडा टाळण्यासाठी आरंभबिंदू जवळ आणण्याची ही युक्ती मला आजच्या कुठल्याही तयार कोडच्या लायब्ररीइतकीच चलाख वाटते.

त्याच परंपरेत देशांतर संस्कार, म्हणजे गावागणिक वेळेची दुरुस्ती, आहे. गणित उज्जैनच्या रेषेवरचं, म्हणून आपलं गाव तिच्या पूर्वेला की पश्चिमेला आणि किती दूर, ते पाहून दुरुस्ती करायची. मुंबई सुमारे तीन अंश पश्चिमेला, म्हणजे बारा मिनिटांचा फरक. दिवस नेमका कुठून धरायचा, सूर्योदयापासून की मध्यरात्रीपासून, यावर आर्यभटाच्या काळापासून दोन पक्ष होते. दिवसाला जागा लागते आणि सुरुवातही लागते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुंबईने तर हे स्वतः भोगलं. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी शहरावर मद्रासची वेळ लादली आणि दोन वर्षांत ती मागे घ्यावी लागली. १ जानेवारी १९०६ ला ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची प्रमाणवेळ आली. मुंबईची स्वतःची वेळ ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे नव्या वेळेच्या ३९ मिनिटं मागे. महापालिकेने आपलीच वेळ धरून ठेवली, ती थेट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे. नव्या वेळेवर चालणाऱ्या रेल्वेच्या घड्याळात रात्री बारा वाजून वीस मिनिटांनी जन्मलेलं मूल मुंबई टाइमप्रमाणे आदल्या रात्री अकरा एक्केचाळीसला जन्मलेलं असे. शहर एक, मूल एक, तारखा दोन. आज जगभरचे संगणक ज्या टाइमझोनच्या नोंदी वापरतात त्यात भारतासाठी एकच नाव आहे, 'एशिया/कोलकाता'. त्या ३९ मिनिटांचा त्यात मागमूस नाही.

युनिक्स या संगणकप्रणालीने १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून सेकंद मोजायला घेतले. मुंबईत तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. फाइल कधी बदलली हे सांगायला ही मोजणी उत्तम. पण १९९५ मध्ये जावास्क्रिप्ट या ब्राउझरमधल्या प्रोग्रॅमिंग भाषेने त्या वेळच्या जावा या दुसऱ्या भाषेकडून तारखेचा साचा उचलला, त्यातही आत मिलिसेकंदच, आणि सगळ्यांना सवय लागली: दोन तारखांची वजाबाकी करा, ८६४०० सेकंदांनी भागा, झाले दिवस.

भागाकार फसतो तो घड्याळं पुढेमागे करणाऱ्या देशांत. न्यूयॉर्कमध्ये ९ मार्च २०२५ हा दिवस २३ तासांचा होता. ८ तारखेच्या मध्यरात्रीपासून १० तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत ४७ तास. चोवीसने भागून अपूर्णांक टाकला की एकच दिवस उरतो. आपल्या प्रमाणवेळेला दुसऱ्या महायुद्धातला एक तास १९४५ च्या ऑक्टोबरात मागे घेतल्यापासून कुणी हात लावलेला नाही. त्यामुळे हा कोड अंधेरीत वर्षभर बिनचूक चालतो आणि मार्चमधल्या एका सोमवारी सकाळी तिकडच्या क्लायंटची मेल येते.

२०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत तारखेसाठी 'लोकलडेट' हा नवा साचा आला. त्याआधी स्टीफन कोलबोर्न यांच्या जोडा-टाइम या लायब्ररीने वाट करून दिली होती. लोकलडेटला ना तास ना टाइमझोन, नुसती तारीख. दोन तारखांमधले दिवस विचारले की आतून प्रत्येक तारखेचा १९७० पासूनचा दिवसक्रमांक काढतो आणि वजा करतो. अहर्गणच की हा! फक्त कुठल्या गावाची तारीख, ते आधी तुम्ही ठरवायचं. जावास्क्रिप्टमध्ये तशीच सोय देणारं 'टेम्पोरल' ब्राउझरमध्ये यायला २०२५ उजाडलं.

एवढं करूनही सामोआ आहेच. व्यापाराच्या सोयीसाठी वाररेषेची, म्हणजे जिथे तारीख बदलते त्या रेषेची, बाजू बदलताना पॅसिफिकमधल्या त्या देशाने ३० डिसेंबर २०११ ही तारीखच गाळली. २९ ची रात्र संपली आणि ३१ उजाडली. २९ ला आलेला पाहुणा ३१ ला निघाला, तर लोकलडेट दोन रात्रींचं भाडं लावतो. पाहुणा झोपलेला असतो एकच रात्र.