कालकुपी: काळीत की पांढरीत?

रोजच्या वापरातल्या वस्तू पुढच्या पिढ्यांसाठी बंद करून ठेवण्याची आजची रीत रुळली ती 1938 नंतर. त्या वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनाच्या जागेवर वेस्टिंगहाउस कंपनीने तांब्याच्या मिश्रधातूची साडेसात फुटी कुपी 50 फूट खोल पुरली. उघडायची 6939 साली. आतल्या काचेच्या नळीत नायट्रोजन, गजराचं घड्याळ, दात घासायचा ब्रश, सेफ्टी पिन, मायक्रोफिल्म आणि ती वाचायला सूक्ष्मदर्शकसुद्धा. कुपी कुठे आहे हे सांगणारं पुस्तक जगभरच्या ग्रंथालयांत आणि मठांत धाडलं.

आपल्याकडची सरकारी कुपी, म्हणजे कालपत्र, 15 ऑगस्ट 1973 ला लाल किल्ल्यात पुरलं. त्यात भर होता स्वातंत्र्योत्तर इतिहासाच्या मजकुरावर. तो कुणाच्या सोयीने लिहिला यावर वाद पेटला आणि डिसेंबर 1977 मध्ये जनता सरकारने ते उकरून काढलं. सेफ्टी पिनेवरून सरकारं भांडत नाहीत.

मराठवाड्याला वस्तूंचं मोल धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावाने दाखवलं. पेरिप्लस या प्राचीन ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथातलं हे तगर, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. पावसाने टेकाडं धुपली की वर येणारे मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, भाजल्या मातीच्या बाहुल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवल्या. गावातलं सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने आहे. तगरचं कापड भडोचच्या बंदरात जाई असं पेरिप्लस सांगतो, पण मातीत खापर टिकतं, कापड नाही.

पुरून ठेवण्याची विद्या मात्र पेवाची, म्हणजे धान्य साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्याची. ज्वारीचं पेव गावठाणाच्या पांढरीत खणत, शेतात सहसा नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो. पेवाला कडब्याचं अस्तर असे, तरी कडेची ज्वारी काळी पडायचीच. बंद पेवात दाण्याच्या श्वसनाने प्राणवायू संपतो आणि कीड मरते. वेस्टिंगहाउसच्या नळीतल्या नायट्रोजनचंही काम प्राणवायू दूर ठेवण्याचंच. म्हणूनच पेव उघडल्यावर हवा खेळू न देता आत उतरणारा माणूस गुदमरतो.

अमेरिकेत टल्सा इथे 1957 मध्ये काँक्रीटच्या खड्ड्यात नवी कोरी मोटार पुरली होती. 2007 मध्ये खड्डा पाण्याने भरलेला निघाला आणि मोटार गंजाचा सांगाडा. तेव्हा शाळेची किंवा गावाची कुपी पुरूच नये. पक्क्या इमारतीच्या आतल्या भिंतीत, जोत्याच्या बरीच वर ठेवावी. दगड-मातीची भिंत नको, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात तशाच भिंती कोसळल्या.

डबा 304 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा. झाकण आर्गन वेल्डिंगने बंद करायचं तर सामान काठापासून दूर, आतल्या दुसऱ्या डब्यात. 10 लिटरला ओल शोषणारं 100 ग्रॅम सिलिका जेल पुरे. आधी 120 अंशांवर दोन-तीन तास तापवून घ्यावं. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी बंद करावं, श्रावणात नव्हे. बॅटरी आणि खाण्याचे पदार्थ वर्ज्य. रबर आणि लोकर यांतल्या गंधकाने चांदी काळी पडते, पीव्हीसीच्या फोल्डरमधून आम्ल सुटतं, वर्तमानपत्र पिवळं पडून तुकडे होतं. एसटीचं मशीनमधून निघणारं तिकीट उष्णतेने छापलेलं असतं. ते काही वर्षांत कोरं होतं, म्हणून सोबत आम्लरहित कागदावर त्याची लेझर प्रत हवी. कापूस बियाण्याचं रिकामं पाकीट, खताच्या गोणीचा तुकडा, विळा चालेल. तिफण मावत नाही. तिचं मापांसह रेखाचित्र ठेवावं.

पेनड्राइव्हवर विसंबू नये. 2023 मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामात निजामकालीन नोंदी तपासायला उर्दू आणि मोडी वाचणारे शोधावे लागले, आणि तो तर साधा कागद होता. मजकूर कागदावर, काळ्या शाईत, चित्रांसह असावा. मुदत 25 ते 50 वर्षं बरी. जागा, उघडायची तारीख आणि आतली यादी ग्रामपंचायतीच्या दप्तरात, शाळेत आणि जिल्हा ग्रंथालयात अशी तिन्हीकडे ठेवावी, शिवाय भिंतीवर कोरीव दगड बसवावा. रंगवलेली पाटी पुढच्या रंगरंगोटीत जाते.