जेवणानंतरची पंधरा मिनिटं

रात्री साडेदहाला पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये डोकावलं, तर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत येरझाऱ्या घालणारं कुणी ना कुणी सापडतंच. ८,७०० पावलं झालेली असतात, १०,००० पूर्ण करायची असतात. हा आकडा डॉक्टरांनी ठरवला असणार, असा बहुतेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तो विक्रीखात्याचा. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाचं वारं होतं. १९६५ मध्ये यामासा या कंपनीने कमरेला अडकवायचं, पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घालून टाकली. गोल आकडा, चटकन लक्षात राहणारा.

अमेरिकेतल्या सुमारे १७,००० वयस्कर महिलांची (सरासरी वय ७२) एक पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. दिवसाला २,७०० च्या आसपास पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी दिसलं आणि ७,५०० च्या पुढे आलेख सपाट झाला. आजारी माणूस मुळातच कमी चालतो, त्यामुळे हा सगळा फरक चालण्याच्या खात्यावर जमा करता येत नाही. पण दहा हजाराव्या पावलावर काही चमत्कार घडत नाही, एवढं खरं.

आपल्याकडे ‘किती चाललात’ याच्याइतकंच ‘कधी चाललात’ हेही विचारायला हवं, आणि त्याचं एक कारण पुण्यातच सापडलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. अंगाने बारीक, पण आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, अशी आपल्यातल्या अनेकांची ठेवण असते. जेवणातली साखर सामावून घेणारी शरीरातली सर्वांत मोठी जागा म्हणजे स्नायू. ती जागाच कमी असेल, तर आहे तेवढी नीट वापरली पाहिजे.

थोडं गणित करू. प्रौढ माणसात सुमारे पाच लिटर रक्त असतं. उपाशीपोटी डेसिलिटरला (१०० मिलिलिटरला) १०० मिलिग्रॅम साखर धरली, तर सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज भरतं पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. आता दोन पोळ्या आणि वाटीभर भात खाल्ला, की सत्तर-ऐंशी ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जातात आणि पुढच्या दोन-तीन तासांत त्यांचं ग्लुकोज होऊन रक्तात उतरतं. चमचाभर साखरेच्या हिशोबाने चालणाऱ्या व्यवस्थेतून पंधरा चमचे पार करायचे असतात.

ग्लुकोज स्नायूच्या पेशीत आपोआप शिरत नाही. त्यासाठी ग्लट-४ नावाची प्रथिनं लागतात. इन्शुलिन म्हणजे किल्ली आणि पेशीचं दार म्हणजे कुलूप, ही उपमा सगळीकडे ऐकू येते, पण ती अर्धीच खरी आहे. इथे दारंच, म्हणजे ही ग्लट-४ प्रथिनंच, भिंतीत नसतात. ती पेशीच्या आत, कोठीत ठेवल्यासारखी, छोट्या छोट्या पिशव्यांमध्ये पडून असतात. इन्शुलिनचा निरोप आला की या पिशव्या पेशीच्या आवरणाकडे सरकतात, त्याला चिकटतात, आणि मग ग्लुकोजला आत यायला वाट होते. टाइप-२ मधुमेहात हा निरोप वाटेतच अडकतो. इन्शुलिन असतं, पण दारं कोठीतून हलत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. स्नायू आकुंचन पावला, की तीच दारं इन्शुलिनच्या निरोपाशिवायही बाहेर येतात. आकुंचनासाठी स्नायूतंतूंमध्ये कॅल्शियम सुटतं. ते एक बोलावणं. तंतूंवर पडणारा ताण हे दुसरं. तिसरं इंधनाच्या हिशोबातून येतं. स्नायू एटीपी हे पेशीचं इंधन खर्च करतो आणि त्याचा एडीपी, म्हणजे अर्धवट खर्चलेलं इंधन, होतो. दोन एडीपी मिळून एक एटीपी परत तयार करतात आणि एक एएमपी, म्हणजे आणखी खर्चलेलं इंधन, उरतो. पेशीत एएमपी मुळात इतका थोडा असतो, की एटीपी किंचित घटला तरी एएमपी कैक पटींनी वाढतो. ही वाढ एएमपीके नावाच्या एन्झाइमच्या नजरेला पडते, ते टीबीसी१डी१ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं आणि पिशव्यांना घातलेला लगाम सुटतो. संथ चालण्यात एएमपीकेचा वाटा मर्यादित असतो, जोर वाढला की तोही वाढतो. महत्त्वाचं हे, की टाइप-२ मधुमेहातही हा दुसरा मार्ग शाबूत असतो. शिवाय चालताना पोटऱ्या-मांड्यांतल्या केशवाहिन्यांतून जास्त रक्त फिरतं, म्हणजे ग्लुकोज दारापर्यंत पोचतंही जास्त.

म्हणून वेळ साधायची. रक्तातली साखर जेवणानंतर साधारण अर्ध्या ते दीड तासात शिखरावर असते. स्नायू त्याच सुमारास हलते हवेत. पहाटे तळजाई किंवा वेताळ टेकडी चढून, खाली येऊन मिसळ खाऊन, मग दहा तास खुर्चीत बसणं हा पुणेरी क्रम इथे कमी पडतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात साठीच्या पुढच्या, साखर काठावर असलेल्या लोकांनी सकाळी सलग ४५ मिनिटं चालणं आणि तिन्ही जेवणांनंतर १५-१५ मिनिटं चालणं करून पाहिलं. दिवसभराच्या साखरेवर दोन्हींचा परिणाम सारखा झाला, पण रात्रीच्या जेवणानंतरची साखर दुसऱ्या पद्धतीनेच जास्त उतरली. माणसं दहाच होती, तेव्हा आकड्यांवर फार नाचू नये. दिशा मात्र वरच्या यंत्रणेशी जुळते. टेकडी सोडायची गरज नाही. तिच्या जोडीला हे हवं.

जेवण झाल्यावर पंधरा-वीस मिनिटांत निघा. वेग मिनिटाला १०० पावलं. १५ सेकंदांत २५ पडली की जमलं. पावलाची लांबी उंचीच्या साधारण ०.४१ पट असते, त्यामुळे १६० सेंटिमीटर उंचीच्या माणसाचे पंधरा मिनिटांत जवळजवळ एक किलोमीटर होतात. शतपावली अक्षरशः शंभर पावलांची केली, तर एका मिनिटात संपते. ती पंधरापट करायची. पोट जड वाटत असेल किंवा जळजळ होत असेल तर वेग कमी ठेवा, पण आडवं होऊ नका.

ऑफिसमध्ये दुपारचं जेवण झालं, की लिफ्टच्या रांगेऐवजी इमारतीला दोन-तीन चकरा सहज होतात. तेही जमत नसेल, तर दर वीस मिनिटांनी उठून दोन मिनिटं चाला. ऑस्ट्रेलियात हा प्रयोग झाला आहे आणि एवढ्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढली. नुसतं उभं राहणं याला पर्याय नाही, कारण उभ्या माणसाचे स्नायू फार थोडं काम करतात. मेट्रोने मंडईला उतरून तुळशीबाग, लक्ष्मी रोडची कामं पायी करावीत. सिव्हिल कोर्ट स्थानकात मात्र जपून: भुयारी फलाट सुमारे ३३ मीटर खोल आहे. पंधरा सेंटिमीटरची पायरी धरली तर २२० पायऱ्या होतात, पर्वतीच्या १०३ च्या दुप्पट. एक टप्पा जिन्याने चढा, बाकी सरकत्या जिन्याने. डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंड हवा खालीच अडकते आणि धूरही तिच्यात कोंडतो. तेव्हा ऊन वर आल्यावर निघालेलं बरं.

घड्याळाच्या आकड्यावर फार विसंबू नका. मनगटातला सेन्सर हाताचे हेलकावे मोजतो. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असल्या की पावलं गळतात, आणि स्कूटरवर खड्डे लागले की न चाललेली जमा होऊ शकतात. तीन हजारांवरून एकदम दहा हजारांवर उडी मारली, तर टाचेखालचा जाड पट्टा दुखावतो आणि सकाळचं पहिलं पाऊल टाकताना कळ येते. आठवड्याला पाचशे-हजार पावलं वाढवणं पुरे. टाच झिजलेली चप्पल बाद करा.

दवावर अनवाणी चालून चष्म्याचा नंबर उतरतो, हे व्हॉट्सअॅपवर दर हिवाळ्यात फिरतं. नंबर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या वक्रतेवर आणि नेत्रगोलाच्या लांबीवर ठरतो. तळपाय ओले झाल्याने दोन्हींत काही फरक पडत नाही. पायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी तर अनवाणी चालूच नये. काच रुतलेली कळत नाही आणि जखम चिघळते.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर चालण्याने साखर जास्तच खाली जाऊ शकते. नवा क्रम सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, पहिले काही दिवस ग्लुकोमीटरने आधी-नंतर मोजा. घाम, थरथर, धडधड जाणवली तर थांबून तीन चमचे साखर पाण्यातून घ्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा. ७० च्या खालीच असेल तर तेवढीच साखर परत घ्या. चालताना छातीवर दडपण आलं, तर ते साखरेचं प्रकरण समजून घरी बसू नका, थेट दवाखाना गाठा.