कुत्रं गवत खातंय म्हणजे पोट बिघडलंय, हे आलं कुठून?

आमची चिंगी सकाळी फिरायला नेली की आधी ग्राउंडच्या कडेच्या हरळीत तोंड घालते, मान तिरकी करून दाढांनी एकेक पातं तोडते, आणि जाणारं येणारं कोणीतरी थांबून सांगतंच, "पोट बिघडलंय वाटतं हिचं". मलाही तेच वाटायचं, म्हणून ही समजूत किती जुनी आहे ते बघायला गेले तर थेट अॅरिस्टॉटलपाशी पोचले.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात त्याने प्राण्यांवर लिहिताना नोंदवून ठेवलंय की कुत्र्याला जंत झाले की ते शेतातलं उभं पीक खातं, आणि बरं नसलं की एक गवत खाऊन ओकतं. पहिल्या शतकात रोममधला लेखक प्लिनी पण तेच म्हणतो, कुत्र्याची भूक मेली की ते एक वनस्पती खातं, पण ती कुठली ते कळत नाही कारण आपल्याला दिसते ती चावून झाल्यावरच. हे वाचून मला फार बरं वाटलं, म्हणजे तो माणूस खरंच कुत्र्याशेजारी वाकून बघत बसला असणार. गवतांच्या नावातही कुत्रा आहेच, आपण गणपतीला वाहतो त्या दूर्वांचं शास्त्रीय नाव सायनोडॉन, ग्रीकमध्ये त्याचा अर्थ कुत्र्याचा दात, पण ते जमिनीखालच्या टोकदार कोंबांवरून पडलंय, खाण्याशी त्याचा संबंध नाही.

समजूत टिकली कारण ओकारी लक्षात राहते. गालिच्यावर पिवळा फेस आणि त्यात घडी पडलेली पाती दिसली की आपण तो दिवस विसरत नाही, पण गवत खाऊन कुत्रं शेपूट हलवत घरी आलं ते शंभर दिवस कोण लक्षात ठेवतं?

मोजायला कोणी बसलं ते अगदी अलीकडे. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या बेंजामिन हार्ट वगैरेंनी 2008 मध्ये सर्व्हे छापला, त्यात ज्यांनी आपल्या कुत्र्याला पुष्कळदा झाडपाला खाताना पाहिलंय अशा 1571 मालकांची उत्तरं होती. खाण्याआधी कुत्रं बऱ्याचदा आजारी दिसतं असं म्हणणारे फक्त 8 टक्के निघाले, आणि खाल्ल्यावर नेहमी ओकतं म्हणणारे 22 टक्के. म्हणजे बहुतेक कुत्री धडधाकट असतानाच खातात, आणि त्यातही तरुण कुत्री म्हाताऱ्यांपेक्षा जास्त.

मग खातात कशाला? हार्टचा अंदाज असा की ही लांडग्यांपासून आलेली सवय असावी, लांडग्यांच्या विष्ठेतही गवत सापडतं, आणि न पचलेली पाती आतड्यातून जाताना जंत ओढून नेत असतील. टांझानियात चिंपांझी खरखरीत पानं न चावता गिळतात आणि त्यांच्या विष्ठेत पानांना अडकलेले जंत मिळालेत, त्यामुळे मला हा अंदाज पटतो, पण कुत्र्यांच्या बाबतीत तो अजून सिद्ध झालेला नाही. अॅरिस्टॉटलने जंतांचं नाव घेतलं होतं हे मात्र विसरू नका! दुसरीकडे 2007 मध्ये एका 11 वर्षांच्या छोट्या पूडल जातीच्या कुत्र्याची केस छापून आली, सात वर्षं झाडपाला खाऊन ओकायचा, जास्त फायबरचं खाणं सुरू केलं आणि तीन दिवसांत थांबला, म्हणजे कधीकधी खाण्यातच काहीतरी कमी असतं.

गवत स्वतः सहसा त्रास देत नाही, गवतावर काय आहे ते बघा. तणनाशक, कीटकनाशक, दुसऱ्या कुत्र्यांच्या शीतून आलेली जंतांची अंडी, पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताची कुसळं जी नाकात कानात रुततात, आणि शेजारी लावलेली कण्हेर, ती विषारीच. रोज दोन पाती खाणारं कुत्रं अचानक अधाशासारखं गवत ओरबाडायला लागलं, सारखं ओकतंय, जेवत नाहीये, रक्त दिसतंय, तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टरकडे न्या. जंताचं औषध वेळच्या वेळी द्या. आमच्याकडे माळीकाकांना विचारून ठेवलंय, फवारणी झाली की त्या आठवड्यात चिंगी आणि मी मागच्या गेटने जातो.